इंजिन बंद, नंबर रद्द

खिडकीताईसारखं ‘निघा’ म्हणणारं माणूस साऱ्या बस डेपोत दुसरं नाही. कुणाला पटत नसेल त्यानं एक सकाळ तिच्या खुर्चीत बसून दाखवावं. बाहेर पडायच्या फाटकाला चिकटून तिची केबिन, केबिनला एक खिडकी, खिडकीला अर्ध्यावर अडकलेली सरकती काच. ड्रायव्हर गाडी खिडकीशी आणतो, हात लांबवून फेरीची चिठ्ठी देतो. ती शिक्का मारते, एक नजर आरशावर टाकते, एक टायरवर, एक ड्रायव्हरच्या तोंडावर, आणि म्हणते, “निघा.” तोंड बघायचं कारण असं की कोण घरून भांडून आलाय आणि कुणाची झोप झालेली नाही, ते तिला लगेच कळतं. अशाला ती “सावकाश निघा” म्हणते. बाकीच्यांना नुसतं “निघा.” मग ज्याला ‘सावकाश’ मिळालं त्याला दिवसभर सगळे छळतात, “काय रे, आज डबा मिळाला की नाही?”

ही नोकरी तिला मिळवून दिली कुणी, तर दादानं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. लोक त्याला उस्ताद म्हणतात, आणि कुणी विसरलं तर तो स्वतः आठवण करून देतो. त्यानं शाळेला सातवीतच रामराम ठोकला, पण बहिणीला शिकवली, परीक्षेला बसवली आणि पास झाल्यावर सगळ्या गल्लीला चहा पाजला. “शिक्का मारते ना, ती माझी बहीण,” हे तो प्रवाशांनाही सांगतो. बिचाऱ्यांना फक्त पुढचा थांबा कुठला एवढंच विचारायचं असतं.

आता डेपोचा एक कायदा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा कायदा कुठंही लिहिलेला नाही, म्हणून तो फार कडक आहे. सकाळी गाड्या फाटकासमोर रांगेला लागतात. रांगेत उभ्या गाडीचं इंजिन चालूच ठेवायचं. ज्यानं बंद केलं त्यानं गाडी काढून रांगेच्या शेवटी जायचं. इंजिन बंद, नंबर रद्द. फार पूर्वी गाड्यांच्या बॅटऱ्या रडक्या होत्या. एकीनं मान टाकली की फाटक तुंबायचं, म्हणून कुणा शहाण्यानं हा कायदा काढला. पुढं बॅटऱ्या सुधारल्या, गाड्या बदलल्या, तो शहाणा रिटायर झाला, कायदा मात्र ड्युटीवरच राहिला. आणि त्याचा राखणदार कोण, तर उस्ताद. चहाला उतरताना सवयीनं चावी फिरवली म्हणून त्यानं भल्याभल्यांना मागं धाडलं होतं. त्याचा स्वतःचा नंबर कायम पहिला.

म्हणजे रोज सकाळी खिडकीताईच्या नाकासमोर गाडीमागं गाडी घरघरत उभी. पुढची निघताना ढुंगण हलवून जो काळा ढग सोडायची तो सरळ खिडकीत. काच पूर्ण बंद होत नव्हती आणि पूर्ण उघडतही नव्हती, त्यामुळं आत आलेला धूर आतच मुक्काम करायचा. संध्याकाळी ती नाक शिंकरायची तेव्हा रुमालावर डेपोचाच शिक्का उमटल्यासारखा दिसायचा. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. गिरणीतल्या माणसाच्या अंगावर पीठ असतं, आपल्या अंगावर हे.

पहिल्या खेपेला ती नववा महिना लागेपर्यंत तिथंच बसली होती. पोट टेबलाला टेकायला लागलं तेव्हा तिनं रजा घेतली नाही, टेबल मागं सरकवलं.

मुलगी झाली. ती आता चार वर्षांची आहे आणि सगळे तिला खारूताई म्हणतात. कारण तिचे पुढचे दोन्ही हात कायम कामात. कोपराच्या खळग्यात, गुडघ्याच्या मागं, मानेवर खरखर, खरखर. लाल चट्टे उठायचे, कातडी कोरडी पडून चिरायची. डॉक्टर त्याला इसब म्हणतात. दादा त्याला उष्णता म्हणतो. उष्णता नाही म्हटलं तर साबण, साबण नाही म्हटलं तर खिडकीताईचा नवरा. नवरा कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात दिवसभर मान खाली घालून किल्ल्या घासतो, त्यामुळं त्याला आरोप ऐकू येत नाहीत.

“तुझ्या सासरच्यांचं कातडंच पातळ,” दादा म्हणायचा. “आपल्याकडं बघ. एकाला काही नाही.”

पोरगी बोलकी. “मामा, तू मला खाजव,” म्हणून त्याच्या मांडीवर चढायची. आणि ज्या माणसाच्या एका आवाजाला कंडक्टर चळचळा कापायचे, तो दोन बोटांच्या शेंड्यांनी, फुंकर घातल्यासारखा तिच्या पाठीवर हात फिरवत बसायचा.

अशात खिडकीताईला पुन्हा दिवस राहिले. आनंद झालाच, पण आनंदाच्या मागोमाग एक भीती येऊन बसली. ह्याही बाळानं असंच खाजवत जागं राहायचं का?

खारूताईला दाखवायला ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. दादाही गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तसं त्याला कुठंच बोलवावं लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचे हात बघितले, मग खिडकीताईच्या पोटाकडं बघितलं. “तुम्ही काम कुठं करता?”

खिडकीताईनं खिडकी सांगितली, रांग सांगितली, कायदाही सांगितला.

“हं,” बाई म्हणाल्या. “गरोदरपणात आईला धुराची, धुळीची हवा जास्त मिळाली तर मुलाला इसब व्हायची शक्यता थोडी वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. शक्यता म्हणते मी. हिला झालं ते त्यामुळंच, असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. घराण्यात असलं तरी होतं.”

“घराणं!” दादानं मांडीवर थाप मारली. “मी काय म्हणत होतो! हिच्या सासरी—”

“दमा, खाज, सतत शिंका, असं कुणाला होतं का घरात?”

“याला,” खिडकीताईनं दादाकडं बोट दाखवलं. “लहानपणी कोपरं ओरबाडून ठेवायचा. आई रात्री याच्या हातांना मोजे घालायची.”

“ते डास होते!” दादा म्हणाला.

“भर थंडीत?”

“तेव्हाचे डास वेगळे होते.”

डॉक्टरीणबाईंनी हसू मलमाच्या डबीमागं लपवलं. “बरं, कपडे सुती घालता ना हिला?”

इथं दादाची छाती फुगली. “सगळ्या बंड्या मी आणल्यात. शुद्ध सुती. दुकानदारानं दुसरं दाखवलं तर दुकानातून उठून आलो मी.”

“छान. आणि वाळत कुठं घालता?”

“डेपोत!” दादा म्हणाला. “घरात ऊन येत नाही बाई. केबिनच्या मागं दोरी आहे, सगळे ड्रायव्हर टॉवेल तिथंच टाकतात. रांगेतल्या गाड्यांचा गरम वारा लागतो ना, चहा पिऊन येईस्तोवर कपडा कडकडीत. उन्हाची गरजच नाही!”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कापसाचा बोळा ओला केला, खारूताईच्या अंगातल्या धुतलेल्या, कडकडीत, शुद्ध सुती बंडीवर पाठीकडून घासला आणि उलटा करून दोघांसमोर धरला. बोळा राखाडी झाला होता.

“आधीच नाजूक कातडी, तिला दिवसभर हे घासतंय,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. “कपडे घरातच पंख्याखाली वाळवा. नखं कापा, अंघोळ झाल्या झाल्या अंग ओलसर असतानाच मलम लावा. आणि या खेपेला तुम्ही धुरापासून जमेल तेवढ्या लांब राहा. बाळाचं सोडा, तुमच्या स्वतःच्या छातीलाही बरं.”

रस्त्यावर आल्यावर दादा म्हणाला, “कापूसच मळका असणार.”

खिडकीताईचं लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर दोरीवर ओळीनं टांगलेल्या त्या बंड्या होत्या. किती मायेनं चिमटे लावले होते एकेकीला.

त्या दिवसापासून दोरीवर फक्त ड्रायव्हरांचे टॉवेल राहिले. बंड्या घरात, दोन खुर्च्यांच्या पाठींवर. पण पोट काही घरी ठेवून येता येत नव्हतं. नवऱ्यानं किल्लीवरून मान वर काढून सांगितलं, “सोड ती खिडकी.” डेपोचे मोठे साहेब म्हणाले, “मागं हरवलेल्या सामानाची खोली आहे, तिथं बसा.” तिनं ती खोली बघितली. भिंतीला टेकून छत्र्या उभ्या होत्या.

“साहेब, तिथं बसून काय छत्र्यांना ‘निघा’ म्हणू?”

तिला खिडकी सोडायची नव्हती आणि बाळाला धूरही पाजायचा नव्हता. या दोन्हींच्या मध्ये कोण उभं होतं, तर आपला थोरला भाऊ.

“दादा, रांगेत इंजिनं बंद करायला सांग सगळ्यांना. तुझंच ऐकतात.”

“कायदा आहे.”

“तूच तर राखतोस.”

“म्हणून तर मोडता येत नाही,” दादा म्हणाला. “आणि हे बघ, बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण माझी गाडी धूर सोडत नाही. ती श्वास सोडते.” हे तो साऱ्या डेपोला ऐकवत असतो.

बहिणीसाठी काही करायचंच नाही असं मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एक दांडगा पंखा घेऊन आला. धूर बाहेर फेकायचा पंखा. कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः बसवला, आणि उलटा बसवला. बटण दाबल्याबरोबर रांगेतला सगळा धूर सुसाट केबिनमध्ये आला, चिठ्ठ्या उडाल्या आणि शिक्क्याची शाई तिच्या हनुवटीला लागली.

“ओढ बघ किती आहे!” दादा बाहेरून कौतुकानं म्हणाला.

तिनं खोकत खोकत पंखा बंद केला. वाद घालून उपयोग नव्हता. दादा शब्दांना हरत नाही, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागायच्या आधी तिनं पिशवीतून एक झबलं काढलं. तळहातावर मावेल एवढं, पांढरंशुभ्र, येणाऱ्या बाळासाठी आणलेलं. ते खिडकीच्या कडीला बाहेरून अडकवलं आणि रोजच्यासारखे शिक्के मारायला बसली. ड्रायव्हरांना वाटलं, वाळत घातलंय. शेवटची गाडी गेल्यावर तिनं ते काढून घडी घातलं.

दुपारी दादा फेरी करून आला, तेव्हा तिनं ते त्याच्या हातात दिलं.

“कुणाचं हे?”

“बाळाचं.”

“जुनं घातलंस होय? माझ्या भाच्याला? मी काय मेलोय का?”

“नवं आहे, दादा.”

“हे नवं?”

“सकाळी होतं.”

दादानं झबलं उलटसुलट केलं. कापूस मळका असणार असं म्हणायला इथं कापूस नव्हता. काखेतल्या शिवणीत पांढरं राहिलं होतं तेवढंच. त्यानं ते परत दिलं नाही. खिशात घातलं, त्याच्या खिशाला तशी कंगव्याशिवाय दुसऱ्या कशाची सवय नाही, आणि गाडीकडं गेला. खिडकीताईला वाटलं, आपण जास्तच केलं की काय.

पुढच्या सकाळी उस्ताद नेहमीसारखा पहिल्या नंबरावर. गाडी खिडकीशी आली, थांबली, आणि त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद.

मागच्या गाडीत लंबू होता. उंचीमुळं त्याचं डोकं नेहमी सगळ्यात आधी बाहेर येतं. “उस्ताद! बंद केलंत?”

“केलं.”

“मग नंबर रद्द!” लंबूनं हा दिवस बघायला किती वर्षं देव पाण्यात ठेवले होते कोण जाणे. “इंजिन बंद, नंबर रद्द! काढा गाडी, चला मागं!”

“कायदा मला शिकवू नकोस,” दादा म्हणाला. “जातो मागं. बहिणीच्या तोंडावर धूर सोडून पहिला येण्यापेक्षा शेवटचा बरा.” असं ऐटीत बोलून त्यानं चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

“उस्ताद,” लंबूनं विचारलं, “श्वास थांबला वाटतं?”

सगळी रांग हसली. पण हसून फाटक मोकळं होत नाही. गाडी ढकलून भिंतीकडं घ्यायलाच पाहिजे होती, आणि एवढ्या मोठ्या गाडीला सगळेच हात लागणार. ड्रायव्हर पटापट उतरायला लागले, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

“गाड्या चालू ठेवून सगळेच उतरताय? एखादी घरंगळली तर तिला ‘थांब’ कोण म्हणणार? बंद करा आधी, ब्रेक ओढा, मग उतरा.”

तिचं बरोबरच होतं. एकेक इंजिन बंद होत गेलं. शेवटचं बंद झालं आणि सगळा डेपो एकदम ओळखू येईना. फाटकाचं बिजागर कुरकुरतं हे तिला त्या दिवशी कळलं. भिंतीपलीकडच्या शाळेत मुलं पाढे म्हणत होती, तेही. ती उठली, दोन्ही हातांनी काचेला जोर लावला, आणि वर्षानुवर्षं अर्ध्यावर अडकलेली ती काच कुरकुरत का होईना, पूर्ण सरकली. आत हवा आली, नुसती हवा. पोटावर हात ठेवून ती क्षणभर तशीच उभी राहिली.

बाहेर उस्ताद स्टिअरिंगवर बसून हुकूम सोडत होता. “जोर लावा! लंबू, हाडं कशाला दिलीत तुला! डावीकडं, डावीकडं!” घाम सगळ्यांना, रुबाब एकट्याला. शेवटी गाडी भिंतीला लागली आणि ड्रायव्हर हात झटकत आपापल्या गाडीकडं वळले.

“आता माझा पहिला नंबर,” लंबू म्हणाला.

“कसला पहिला? तूही बंद केलीस की,” त्याच्या मागचा ड्रायव्हर म्हणाला.

“मग तुझा?”

“माझाही रद्द.”

“म्हणजे सगळ्यांनीच शेवटी जायचं?”

“कुणाच्या शेवटी?”

पुढं जायला कुणी मोकळं नाही आणि मागं जायला कुणाच्या मागं ते कळत नाही. आवाज चढायला लागले. तेव्हा खिडकीताईनं शिक्का टेबलावर असा आपटला की पलीकडचे पाढेसुद्धा क्षणभर थांबले.

“प्रत्येकाच्या सुटायच्या वेळा ठरलेल्या आहेत ना? ज्याची वेळ होईल त्याला मी हाक मारीन. हाक आली की चालू करायची, खिडकीशी यायचं, शिक्का घ्यायचा आणि निघायचं. तोवर बंद.”

“आणि कायदा?” लंबूनं विचारलं. सगळ्यांच्या माना भिंतीकडं, उस्तादकडं वळल्या.

दादानं खिशात हात घातला. बाहेर काही काढलं नाही, नुसता हात आत ठेवला. “कायद्यात नंबर कुणाकडं उरलाय? माझाही रद्द, तुझाही रद्द. आता खिडकी सांगेल ते.”

तिनं पहिली हाक लंबूला मारली. त्याची वेळच आधीची होती.

गॅरेजवाल्यानं नंतर बघितलं, तर बॅटरीची वायर ढिली. झालं, दादानं लगेच सगळीकडं सांगून टाकलं की ती त्यानंच मुद्दाम ढिली केली होती. सगळ्यांना उतरवायचं, सगळ्यांची इंजिनं बंद करायची, असा त्याचा आधीपासूनच बेत होता. लोकांनी माना डोलावल्या. ज्यानं एवढी माणसं एका दमात कायद्यातून सोडवली त्याच्यावर शंका कोण घेणार? फक्त बहिणीनं घेतली.

“वायर ढिली करताना हात काळे नाही झाले तुझे?”

“मोजे घातले होते.”

“कुणी घातले? आईनं?”

रांगेत आता इंजिनं बंद असतात. रस्त्यावरचा धूर येतो तो येतोच, तेवढा कुणाला थांबवता येत नाही. पंखा सुलटा बसवलाय, तो बसवताना दादाला चहा आणायला पाठवलं होतं. खारूताईचं खाजवणं थांबलं नाही, पण कमी झालं; चट्टे येतात, मलमानं जातात, आणि मांडीवर चढून “मामा, तू खाजव” म्हणायला तिला आता खाजच लागते असंही नाही.

बाळ वेळेवर झालं. मुलगा. अंग नितळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “छान आहे, पण आत्ताच काही सांगता येत नाही. पुढं होणारच नाही असंही नाही. लक्ष ठेवा.” दादानं त्यातलं ‘छान आहे’ एवढंच ऐकलं आणि श्रेय घेऊन टाकलं.

रजा संपवून खिडकीताई पुन्हा खिडकीत बसली, त्याच आठवड्यातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी बाळाच्या गालावर एक लाल ठिपका उठला होता. लाळेनं उठतो तसला, पुसला की जाणारा. ती चार वेळा सांगून दमली, पण दादा तीनदा टॉर्च घेऊन बघून गेला.

सकाळी त्याची वेळ झाली. तिनं हाक मारली, “उस्ताद, चालू करा!” गाडी खिडकीशी आली. तिनं शिक्का मारला, आरसा बघितला, टायर बघितला, मग दादाचं तोंड बघितलं. डोळे तांबडे. शर्टाच्या खिशातून राखाडी झबल्याचा कोपरा डोकावत होता.

“गेला सकाळी तो ठिपका,” ती हळूच म्हणाली. आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “सावकाश निघा!”

मागून लंबूचं डोकं बाहेर आलंच. “काय उस्ताद, आज डबा मिळाला की नाही?”